मोरणी सत्त्याहत्तर

वायर उंदरांनी कुरतडली
तेव्हा परीक्षेला अकरा दिवस उरले होते.
गंगावेशीत, गिरणीच्या माडीवर माझी टायपिंगची संस्था:
पाच संगणक, त्यातले चार चालू,
आणि खिडकीपाशी एक जुनं मशीन,
ज्याचा ‘ळ’ अजून अडकतो.

राजारामपुरी चौथ्या गल्लीतून
साडेपाचशेला अडॅप्टर आणला.
करंगळीच्या नखाएवढा.
एवढासाच? मी म्हटलं.
दुकानदार म्हणाला, लवंगी केवढी असती, मॅडम?

मागच्या खाचेत बसवला.
संगणकानं ढुंकूनही पाहिलं नाही.
डब्यात एक तबकडी होती, चकचकीत,
पण आमच्या संगणकांना तबकडीचं तोंडच नाही.
तिच्यात बघून मी टिकली सारखी केली
आणि परत ठेवून दिली.

पडद्यावर ओळ आली: ड्रायव्हर सापडत नाही,
इंटरनेटवरून घ्या.
म्हणजे किल्ली घरात ठेवून
दार ओढून घेतल्यासारखं.
मी पंख्याकडे बघत बसले.

तौफिक शिकलगार, तीसच्या बॅचमधला,
ज्याची बोटं अजून बघून बघून चालतात,
त्यानं आपला फोन वायरनं जोडला.
माझं नेट घ्या की थोडं, म्हणाला,
आज मॅच न्हाई, मी काय करू त्याचं?
शेजारून चमचाभर विरजण आणावं
तसा ड्रायव्हर आला. शेवटी जरा रेंगाळला.
मग नखाच्या टोकाला निळं काहीतरी लुकलुकलं

आणि अख्खी गंगावेस पडद्यावर उतरली:
नाद_नाय_करायचा.
कणबरकर_दवाखाना.
तालीम_ऑफिस.
मागू_नका.
आणि एक नुसतीच ‘रेखा’, कुलूप न लावलेली.
रेखा कोण, आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.
उघडं हाय म्हणून शिरू ने, तौफिक म्हणाला,
आणि बोट खाली सरकवलं,
तळाशी, एका काडीवर तग धरून: हिंदुराव_गिरणी.

बिलाचे निम्मे पैसे माझे,
पण हिंदुराव मंगावे पासवर्ड मोठ्यानं सांगत नाहीत.
पिठाच्या हातानं कागदावर लिहून दिला,
मोरणी, इंग्रजीत, म्हंजे मोरानी,
पुढं सत्त्याहत्तर. समदं जोडून. पयलं अक्षर मोठं.
मोरणी त्यांची म्हैस.
पाडव्याला शिंगं रंगवून निघायची तेव्हा
रस्ता आपसूक बाजूला व्हायचा.
आणि सत्त्याहत्तर?
त्यांनी गिरणी बंद केली, पट्टा थांबेपर्यंत थांबले.
सत्त्याहत्तर हजाराला मागितली हुती.
दिली न्हाई.
मग दोन म्हैन्यात गेलीच की ती.
पोरं म्हणत्यात पासवर्ड बदला.

वर येऊन मी टाइप केला, खाली न बघता.
एम उजव्या हाताचा, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीनं;
हे मी हजारभर मुलांना शिकवलंय.
पडद्यावर आठ काळे ठिपके,
म्हशीचं नाव कुणाला दिसलं नाही.

जोडलं गेलं. पण काडी एकच.
भिंत दगडी, खालच्या राउटरवर बोटभर पीठ.
तौफिकनं लांब वायर लावून अडॅप्टर खोलीभर फिरवला
कपाटावर, फळ्यामागं, माझ्या डब्यावर,
आणि चार काड्या लागल्या त्या
थेट जुन्या मशीनच्या डोक्यावर.
तिथंच चिकटपट्टीनं बसवला.
एवढ्या वर्षांनी त्याला काम लागलं.

मग संगणकानं विचारलं:
हा संगणक इतरांना दिसू द्यायचा का?
अठ्ठावीस वर्षं मी या माडीवर आहे,
असं कुणी विचारलं नव्हतं.
जरा वेळ घेऊन मी ‘नाही’ दाबलं.

आता गिरणी सुरू झाली की
चारच्या दोन काड्या होतात.
का, ते तौफिकलाही सांगता येत नाही.
सराव परीक्षा अर्ध्यात अडकते,
मुलं माझ्याकडे बघतात.
थांबा, म्हणते मी,
कुणाची तरी ज्वारी चाललीय.